काजातला डोळा

कमरा आणि कॅमेरा ही दोन सख्खी भावंडे आहेत. उर्दूतला 'कमरा' पोर्तुगीजांकडून आला, आणि त्यांच्याकडे तो लॅटिन 'कामेरा' म्हणजे खोली या शब्दातून आला. छायाचित्राच्या यंत्राचे नावही त्याच लॅटिन शब्दावरून पडले. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गात हे सांगितले की मुले आधी हसतात आणि मग भिंतींकडे पाहतात. आमच्यातले काही वक्ते 'कॅमेरा' हा शब्द मूळचा अरबी असल्याचे व्यासपीठावरून ठासून सांगतात. ते खरे नाही, आणि इब्न अल-हैसम यांच्या थोरवीला अशा टेकूची गरजही नाही. अकराव्या शतकात कैरोमध्ये काम करणाऱ्या या विद्वानाने बारीक छिद्रातून अंधाऱ्या जागेत ग्रहणातल्या सूर्याची प्रतिमा कशी उमटते याचा पद्धतशीर अभ्यास केला. अशा जागेला अरबीत 'अल-बैत अल-मुज्लिम' म्हणतात, म्हणजे अंधारे घर.

या अंधाऱ्या घराची एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ते जागचे हलत नव्हते. पुढे शतकानुशतके ते लहान होत गेले, मेजावर मावू लागले. एकोणिसाव्या शतकात त्यात काच आणि रसायने आली, तिकाटणे आणि काळे कापड आले. छायाचित्रकार काळ्या कापडात डोके घालून उभा राहिला की समोरच्या माणसाला ते कळे. तो टोपी सारखी करी, ती पदर सावरी, आणि नको असेल तर माणूस सरळ उठून जाई. उठून जाण्याची ही मुभा कोणत्याही कायद्याने दिलेली नव्हती. ती यंत्राच्या बोजडपणाने दिली होती. १८८६ साली ती गेली.

त्या वर्षी न्यूयॉर्कच्या रॉबर्ट ग्रे यांनी जाकिटाच्या आत घालायच्या कॅमेऱ्याचे पेटंट घेतले, आणि जर्मनीतल्या श्टिर्न यांनी तो बाजारात आणला. ताटलीसारखे चपटे, गोल, धातूचे यंत्र. ते छातीवर बांधायचे, वरून जाकीट चढवायचे आणि भिंग बटणाच्या काजातून बाहेर काढायचे. खिशात उतरणारी दोरी ओढली की फोटो. आतल्या गोल काचेवर सहा छोटी गोल चित्रे उमटत. पहिल्या काही वर्षांत असे हजारो कॅमेरे खपले. आज अंगावर घालायच्या कॅमेऱ्यांची चर्चा जणू कालपरवाची आहे अशा थाटात चालते, म्हणून हे साल मुद्दाम सांगितले.

यातला एक कॅमेरा १८९३ मध्ये नॉर्वेतल्या कार्ल स्टोर्मर या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने घेतला. ओस्लोचे नाव तेव्हा क्रिस्टियानिया होते. तिथल्या कार्ल योहान रस्त्यावर फिरून त्याने सुमारे पाचशे लोकांचे फोटो त्यांच्या नकळत काढले. त्यांत नाटककार हेन्रिक इब्सेनही सापडले. एका तरुणीचा फोटो हवा होता आणि तिच्याशी बोलायचे धाडस नव्हते, म्हणून हा उद्योग सुरू झाला, असे त्यांनीच म्हातारपणी सांगितले. पुढे ते मोठे गणिती झाले. ध्रुवीय प्रकाशाची आकाशातली उंची त्यांनी छायाचित्रांवरून मोजली. माणूस वाईट नव्हता. आजही ते फोटो पाहिले की त्या काळचे हसरे, मोकळे चेहरे पाहून बरे वाटते, कारण स्टुडिओतल्या फोटोंत माणसे लाकडासारखी बसलेली असत. परंतु हे चेहरे हसरे का आहेत? स्टोर्मर समोरून येणाऱ्याला आधी अदबीने नमस्कार करीत, तो टोपी उचलून हसे, आणि त्याच क्षणी खिशातली दोरी ओढली जाई. त्यांचा सलाम हा गळाला लावलेला घास होता. ज्यांनी सलामाला सलाम दिला, त्यांच्या सभ्यतेचाच इथे उपयोग करून घेतला गेला, हे आम्हाला खटकते.

दरम्यान १८८८ मध्ये कोडॅकचा पंचवीस डॉलरचा, शंभर फोटोंची फिल्म आत असलेला कॅमेरा आला आणि हौशी लोक समुद्रकिनाऱ्यावर, बागांतून, खिडक्यांतून फोटो काढत सुटले. १५ डिसेंबर १८९० रोजी 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांचा लेख छापून आला. झटपट छायाचित्रे आणि वर्तमानपत्रे यांनी घराचा उंबरठा ओलांडला आहे, तेव्हा माणसाला एकटे राहू देण्याचा हक्क कायद्याने मानावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. खासगीपणाच्या कायद्याचा उगम बहुतेक जण या लेखाशी नेऊन भिडवतात. पण लेखाने न्यायालय हलत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲबिगेल रॉबर्सन या किशोरवयीन मुलीचा फोटो तिला न विचारता एका पिठाच्या गिरणीच्या जाहिरातीवर छापला गेला, पंचवीस हजार प्रतींत. दुकानांत, गोदामांत, दारूच्या गुत्त्यांत तिचा चेहरा टांगला गेला. ती न्यायालयात गेली आणि १९०२ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी हरली. लोक इतके चिडले की पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाला जाहिरातीपुरता का होईना, कायदा करावा लागला.

सरकारनेही ही युक्ती लवकरच उचलली. १९१३ मध्ये मतदानाचा हक्क मागणाऱ्या स्त्रिया लंडनच्या हॉलोवे तुरुंगात होत्या. त्या फोटोला नकार देत, म्हणून आवारात फिरताना दुरून, लपून त्यांचे फोटो घेण्यात आले. इव्हलिन मॅनेस्टा हिने मान हलवू नये म्हणून तिच्या गळ्याभोवती एका पहारेकऱ्याने हात आवळला होता. पोलिसांनी वाटलेल्या प्रतीत तो हात पुसून त्या जागी गळपट्टा रंगवला गेला. हा कॅमेरा कुणाच्या अंगावर नव्हता, तरी त्याला इथे जागा द्यावी लागते. लपवलेल्या कॅमेऱ्याला आपले लपणेही लपवावे लागते ते असे.

मग १२ जानेवारी १९२८ ची रात्र. सिंग सिंग तुरुंगात रूथ स्नायडर हिला विजेच्या खुर्चीत मृत्युदंड दिला जात होता. फोटोला सक्त मनाई होती. टॉम हॉवर्ड नावाचा छायाचित्रकार पत्रकारांत बसला होता. त्याच्या घोट्याला छोटा कॅमेरा बांधलेला होता आणि त्याची तार पँटच्या आतून खिशात गेली होती. त्याने विजार थोडी वर केली आणि दाबले. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'च्या पहिल्या पानावर एका मरणाऱ्या बाईचे चित्र होते. सरकार बंद दाराआड काय करते हे जनतेने पाहिले पाहिजे, असे त्याचे समर्थन करता येते. पण अंक खपला तो चवीने. त्या खोलीत सर्वांत असहाय जी होती, तिला कुणी विचारले नव्हते.

इथपर्यंत वाचून वाचकांना वाटेल की लपवलेल्या कॅमेऱ्याला आमचा सरसकट विरोध आहे. तसे नाही, आणि त्याचे कारण एक शिक्षक आहे.

लिथुआनियातल्या कोव्हनो शहरात त्स्वी कदुशिन, पुढे जगाला जॉर्ज कादिश म्हणून माहीत झालेले, हिब्रू शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत. १९४१ मध्ये नाझी फौजा आल्या आणि शहरातले सुमारे तीस हजार ज्यू काटेरी तारांआड कोंडले गेले. कत्तलीच्या दिवसांत कादिश यांनी शेजाऱ्याच्या घरात मरणाऱ्याने आपल्या रक्ताने लिहिलेला बदल्याचा शब्द पाहिला आणि त्याचा फोटो घेतला. तिथून पुढे ते ओव्हरकोटाच्या काजातून फोटो घेत राहिले. गाठोडी उचलून निघालेली कुटुंबे, तारेजवळ उभी असलेली मुले, रिकामी घरे. वस्तीत फोटो काढणे म्हणजे मरण ओढवून घेणे होते. जर्मन लष्करी इस्पितळात त्यांना क्ष-किरण यंत्रांचे काम होते. तिथूनच त्यांनी फिल्म मिळवली आणि तिथेच चोरून धुतली. निगेटिव्ह बाहेर आणण्यासाठी त्यांनी पोकळ कुबड्या वापरल्या. शेवटी सगळे दुधाच्या कॅनमध्ये घालून पुरले. ज्या सहकाऱ्याने ते लपवायला मदत केली, त्याचा छळ करून जीव घेतला गेला; त्याने जागा सांगितली नाही. १९४४ च्या मार्चमध्ये कादिश निसटले, जुलैत वस्ती जाळण्यात आली, आणि नंतर परत येऊन त्यांनी ते कॅन उकरून काढले.

काज तेच, आणि समोरच्याला न सांगता काढणेही तेच. मग स्टोर्मर आणि कादिश यांत फरक कुठे? आमच्या मते पाहावे ते एवढेच, की फोटो काढणाऱ्याने स्वतःचे काय पणाला लावले होते. कादिश यांनी मान पणाला लावली आणि ज्यांचे चेहरे टिपले त्यांच्याच बाजूने साक्ष ठेवली. बाकीच्यांच्या हिशेबात फायदा घालणाऱ्याचा आणि तोटा समोरच्याचा.

पुढचा प्रवास भरभर सांगता येईल. कॅनडाचे स्टीव्ह मान १९८० च्या दशकापासून अंगावर संगणक आणि डोळ्यावर कॅमेरा घालून फिरले. वरून होणाऱ्या पाळतीला खालून उत्तर द्यायचे, हा त्यांचा विचार. त्यानंतर पोलिसांच्याच छातीवर कॅमेरा आला. कॅलिफोर्नियाच्या रिअल्टो गावात २०१२-१३ च्या प्रयोगात पोलिसांविरुद्धच्या तक्रारी झपाट्याने घटल्या. पण वॉशिंग्टन शहरात दोन हजारांहून अधिक पोलिसांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हणावा असा फरक दिसला नाही. बटण ज्याच्या छातीवर, बंद करणेही त्याच्याच हाती.

उपयोगाचे सर्वांत हृद्य उदाहरण केंब्रिजचे आहे. मेंदूच्या आजाराने स्मरण गेलेल्या त्रेसष्ट वर्षांच्या एका बाईंच्या गळ्यात 'सेन्सकॅम' नावाचा, आपोआप फोटो घेणारा छोटा कॅमेरा अडकवला गेला. नवऱ्यासोबत बसून त्या ती चित्रे पुन्हा पुन्हा पाहत. लिहिलेल्या डायरीने जे साधले नव्हते ते याने साधले. घटना त्यांना महिनोन्महिने आठवू लागल्या. २००७ मध्ये हा अभ्यास छापून आला. आजही दृष्टिहीन व्यक्तींना कॅमेऱ्याचा चष्मा पाटी वाचून दाखवतो, औषधाच्या बाटलीवरचे नाव सांगतो. अशा माणसाला कुणी 'कॅमेरा काढून ठेव' म्हणू लागला तर त्याच्या हातातली काठी काढून घेण्यासारखे होईल.

गूगलचा चष्मा २०१३ मध्ये दीड हजार डॉलरला निवडक लोकांना मिळाला. सिॲटलच्या एका बारने तो येण्याआधीच बंदीची घोषणा केली, आणि २०१५ च्या जानेवारीत सामान्यांसाठी विक्री थांबली. लोकांनी तो नाकारला कारण तो चेहऱ्यावर दिसत होता. पुढच्या कंपन्यांनी यातून शिकवण घेतली ती उलटीच. २०२१ मध्ये फेसबुक कंपनीने रे-बॅनच्या चौकटीत कॅमेरा बसवला. तो नेहमीच्या गॉगलपेक्षा वेगळा ओळखू येत नाही. चित्रण चालू असल्याची खूण म्हणून कोपऱ्यात पांढरा दिवा लागतो. हा दिवा म्हणजे जुन्या काळ्या कापडाचा उरलेला धागा. तो झाकला तर चित्रण अडावे अशी सोय कंपनीने पुढे केली. २०२५ मध्ये अमेरिकेत साठ डॉलर घेऊन तो दिवाच निकामी करून देणारा माणूस पत्रकारांना सापडला. त्याआधी २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी याच चष्म्याला चेहरा ओळखणाऱ्या सेवेची जोड देऊन, समोरच्या अनोळखी माणसाचे नाव-पत्ता क्षणात शोधता येतो हे दाखवून दिले. स्टोर्मर यांना चेहरा मिळत असे, नाव नाही.

मे २०२५ पासून हे चष्मे भारतात मिळू लागले, सुमारे तीस हजार रुपयांपासून. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. स्त्रीच्या खासगी क्षणांचे चोरून चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पण २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून, कुणी स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरली तर ती वगळली आहे. हौसेने चष्मा घालून बाजारात, बसमध्ये, शाळेच्या फाटकाशी उभा राहणारा माणूस त्या वगळणुकीत आरामात बसतो.

आपल्या शादी-ब्याहात जनानखान्याच्या दाराशी एखादी बुजुर्ग खाला बसते आणि आत जाणाऱ्या पोरींना मोबाइल पर्समध्ये ठेवायला लावते. तिला कायदा ठाऊक नसतो, पण कोणाच्या मुलीचा फोटो कुठपर्यंत फिरतो हे ठाऊक असते, आणि पोरी कुरकुरत का होईना ऐकतात. या नव्या चष्म्याला नंबरची काच बसते. तो घालून आलेल्या मुलीला खालाने काढायला सांगितले, तर तिला समोरचे ताटही धड दिसणार नाही.