गदेचा वाद

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या मैदानात महाराष्ट्र केसरीच्या गदेचा निवाडा झाला. परंतु गावोगावच्या पारांवर तो निवाडा कित्येकांनी मानला नाही. गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत खेड तालुक्यातला शिवराज राक्षे आणि मुळशीचा पृथ्वीराज मोहोळ समोरासमोर होते. राक्षे चितपट झाला, असे पंचांनी जाहीर केले. माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रण पाहा, असे राक्षेचे म्हणणे. बोलाचाली वाढली, त्याचा तोल सुटला आणि त्याने पंचांना लाथ मारली. त्याच रात्री अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड काही सेकंद शिल्लक असतानाच गुणाच्या वादावरून आखाडा सोडून चालता झाला. गदा मोहोळला मिळाली. राक्षे आणि गायकवाड ह्यांच्या वाट्याला तीन वर्षांची बंदी आली.

आमचे वडगाव रासाई भीमेच्या काठी, शिरूर आणि दौंड ह्यांच्या शिवेवर. इकडून पुणे, तिकडून नगर. दोन्हीकडच्या तालमींची हवा आम्हांला लागते, आणि दोन्हीकडचे तंटेही. खांदा टेकला की नाही, हे ज्यांनी मैदान पाहिले नाही तेच अधिक ठासून सांगत होते! पंचांवर हात किंवा पाय उचलणाऱ्याची बाजू कोणीही घेऊ नये, हे मी वर्गातल्या मुलांना सांगितले आणि इथेही सांगतो. पण लाथेचा दोष सिद्ध झाला म्हणून खांद्याचा प्रश्न सुटत नाही. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पारावरच्या भांडणात त्या हटकून एक होतात.

असे तंटे पूर्वी होत नव्हते काय? होत होते. जत्रेच्या आखाड्यात सकाळी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, आणि ऊन कलले की हलगीच्या कडकडाटात मोठ्या जोडी. तिथे नियम एकच : पाठ लागली पाहिजे. दोन्ही खांदे मातीला लागले की भोवतालच्या हजार डोळ्यांना ते एकदम दिसे, आणि अंगावरची माती साक्ष देई. पाठ लागलीच नाही तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवीत आणि इनाम वाटून देत. प्रेक्षक चिडत, पण कोणी हरला असे होत नसे.

बरोबरीचा हा न्याय किती लांब जाऊ शकतो, ह्याचे जगप्रसिद्ध उदाहरण गामा पहिलवानाचे. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये त्याची गाठ पोलंडच्या झबिस्कोशी पडली. झबिस्को पोटावर पालथा पडून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गामा त्याला उलथू पाहत होता. कुस्ती निकाली झाली नाही. आठवड्याने पुन्हा बोलावले, तर झबिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. त्यावर कुजबुज चालू राहिली. शेवटी १९२८ साली पतियाळाला दोघे पुन्हा भिडले आणि एका मिनिटाच्या आत गामाने त्याला आसमान दाखविले. अठरा वर्षांचा वाद मिनिटभरात मिटला, कारण तो कागदावर न मिटवता आखाड्यात मिटविला गेला.

गादी आली तसा गुणांचा हिशेब आला. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, पकडीचे दोन, धोक्याच्या स्थितीत आदळले तर चार. हे वाईट झाले असे मी म्हणत नाही. ऑलिंपिकला जायचे तर तोच रस्ता. मात्र ह्यामुळे निकाल हजार डोळ्यांकडून काढून तीन माणसांच्या डोळ्यांत ठेवला गेला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला हेच घडले. माती विभागात महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला बाहेरची टांग लावली. पंचांनी चार गुण दिले आणि तिथेच सिकंदरची वाट अडली. तो धोक्याच्या स्थितीत पडलाच नाही, चार गुण कसले, असे त्याचे चाहते म्हणत राहिले. पुढे अंतिम कुस्तीत राक्षेने गायकवाडला चितपट केले. म्हणजे २०२३ ला पंचांच्या निर्णयाने तरलेला गायकवाड २०२५ ला पंचांवरच रुसला!

हा रोग आमच्याच मातीचा आहे असे मात्र समजू नये. मोटारींच्या जागतिक शर्यतीत, जिथे क्षणाचाही हजारावा भाग मोजतात, तिथेही १२ डिसेंबर २०२१ ला अबू धाबीत असाच प्रसंग आला. लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टॅपन ह्या दोघांचे वर्षभराचे गुण अगदी समान, ३६९.५. अठ्ठावन्न फेऱ्यांची शेवटची शर्यत, हॅमिल्टन निर्धास्त पुढे. पाचेक फेऱ्या उरल्या असता तिसऱ्याच एका चालकाची मोटार आदळली आणि सर्वांना सुरक्षा मोटारीच्या मागे हळू चालावे लागले. व्हर्स्टॅपनने तेवढ्यात नवे टायर चढवून घेतले. मागे पडलेल्या मोटारी मधून बाजूला काढायच्या तर सगळ्या काढाव्यात, ही रीत. परंतु शर्यतीचे संचालक मायकेल मासी ह्यांनी दोघांच्या मध्ये असलेल्या पाचच मोटारींना पुढे जाऊ दिले आणि एका फेरीपुरती शर्यत पुन्हा सोडली. जुन्या टायरवरचा हॅमिल्टन मागे पडला. त्याच्या संघाच्या दोन्ही तक्रारी त्याच रात्री फेटाळल्या गेल्या. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये मासींना त्या जागेवरून दूर करण्यात आले, मार्चमध्ये चौकशीच्या अहवालाने मानवी चूक झाल्याचे म्हटले, आणि निकाल मात्र होता तसाच वैध ठरला. नियमातला ‘कोणत्याही’ अशा अर्थाचा शब्द बदलून ‘सर्व’ असा केला. व्याकरण शिकविणाऱ्या माणसाला ह्या बदलाची मोठी गंमत वाटते : एका विशेषणावर जगज्जेतेपद अडले होते.

चूक मान्य, निकाल कायम. हॅमिल्टनच्या चाहत्यांना हेच सोसवले नाही, आणि ह्या बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे. कारण दुसरी वाट असते, हे महाराष्ट्राला सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांमुळे ठाऊक आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आलेले खाशाबा १९५२ च्या निवडीत बाजूला पडत होते. मद्रासच्या स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी ना पंचावर हात टाकला ना घरी जाऊन बसले. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली; महाराजांनी निरंजन दासशी कुस्ती पुन्हा लावली आणि खाशाबांनी ती जिंकली. मग पैशांची अडचण. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत जपानच्या इशीशी दमछाक करणारी कुस्ती होऊन ते हरले, आणि लगेच त्यांना रशियाच्या मामेदबेकोव्हसमोर उभे केले. मध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी, असा नियम होता. पण तो बोलून दाखवायला जवळ एकही भारतीय अधिकारी नव्हता. इशी सुवर्णपदक घेऊन गेला, खाशाबा कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने १५१ बैलगाड्यांची मिरवणूक काढली. एक गुण मद्रासेत पचला असता, तर ह्यातली एकही गाडी जुंपली गेली नसती.

आज पुन्हा कुस्ती लावण्याची ती वाट उरली नाही. उलट गदाच दोन झाल्या. राज्यातल्या कुस्तीच्या दोन संघटनांचे फाटले आणि नोव्हेंबर २०२३ च्या एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. आमच्याच भीमेच्या वरच्या अंगाला फुलगावी सिकंदर शेखने राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केले. कोथरूडची सल तिथे गेली; पाठ अशी लागली की शंकेला जागा राहिली नाही. आणि त्याच महिन्यात धाराशिवला दुसऱ्या मैदानात राक्षेच केसरी ठरला. २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या गदेला दोन महिने होतात न होतात तोच दौंडपलीकडे, त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला वेताळ शेळकेने आणखी एक गदा उचलली. त्या साली केसरी कोण, असे विद्यार्थ्याने विचारले तर मी दोन नावे सांगतो, आणि पोरे हसतात.