ग्रंथालयाचे बंद पडणे आणि वाचकाचा इतिहास : देगलूरच्या संदर्भात

मराठी वाङ्मयेतिहासाने लेखक, ग्रंथ आणि नियतकालिके यांची नोंद ज्या साक्षेपाने घेतली, त्या साक्षेपाने वाचकाची घेतलेली नाही. त्यामुळे एखादे सार्वजनिक ग्रंथालय बंद पडणे ही घटना वाङ्मयेतिहासाच्या कक्षेबाहेर राहते. ती प्रशासनाची किंवा स्थानिक अनास्थेची बाब मानली जाते. देगलूरसारख्या सीमावर्ती तालुक्याच्या संदर्भात ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

निजामी राजवटीत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. सार्वजनिक सभांवर 'गश्ती निशाण 53'चे निर्बंध होते. अशा परिस्थितीत वाचनालय म्हणजे केवळ ग्रंथसंचय नव्हे. उच्च शिक्षणाचे माध्यम नसलेल्या भाषेला एकत्र येण्यासाठी मिळालेली ती जागा होती. हैदराबादेत 1901 साली श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम आणि 1922 साली मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झाले. तेलुगू आणि मराठी भाषकांनी एकाच गरजेतून एकच मार्ग निवडला होता.

1 नोव्हेंबर 1956 रोजी झालेल्या राज्यपुनर्रचनेने मात्र या मार्गाला दोन फाटे फोडले. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. उर्वरित तालुका द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. पुढे आंध्र प्रदेशाने 1960 च्या कायद्यान्वये ग्रंथालय उपकर बसवून जिल्हा ग्रंथालय संस्था आणि त्यांच्या शाखा अशी रचना केली. शेजारच्या कर्नाटकातही 1965 च्या कायद्याने उपकराचेच तत्त्व स्वीकारले. महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यात उपकर नाही. येथे नोंदणीकृत संस्था ग्रंथालय चालवतात आणि शासन त्यांना मान्यता देऊन 'अ' ते 'ड' या वर्गांनुसार अनुदान देते. एका तालुक्यातील वाचक अशा रीतीने दोन भिन्न व्यवस्थांमध्ये विभागले गेले.

हा भेद केवळ आर्थिक नाही. शासकीय शाखा बंद करावयाची तर निर्णय घ्यावा लागतो. निर्णयाला कागद असतो आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. संस्थेचे ग्रंथालय बंद पडते ते बहुधा निर्णयाविना. कार्यकर्त्यांची पिढी संपते, अनुदान रखडते, सेवकाचे मानधन थकते आणि उघडण्याच्या वेळा आक्रसत जातात. 2012 साली महसूल यंत्रणेमार्फत राज्यातील ग्रंथालयांची पडताळणी झाली. पण पडताळणीला ग्रंथालय चालू आहे की नाही एवढेच सांगता येते. तेथे काय वाचले जात होते, हे तिच्या कक्षेत येत नाही.

ते सांगणारी साधने वेगळी आहेत : दाखल नोंदवही, सभासदांची यादी आणि देवघेवीची नोंद. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू यांच्या संगमावरील गावात कोणत्या भाषेची पुस्तके घेतली गेली, कोणती पुन्हा पुन्हा मागितली गेली, कोणती वर्षानुवर्षे कपाटातून हलली नाहीत, याचा पुरावा अन्यत्र मिळत नाही. पुस्तकांच्या दुसऱ्या प्रती मिळू शकतात; नोंदवहीची दुसरी प्रत नसते.

अभिरुची, वाचकवर्ग, आस्वाद या संज्ञा आपली समीक्षा सातत्याने वापरते. परंतु तिचा 'वाचक' पुष्कळदा समीक्षकाच्या स्वतःच्या वाचनावरून कल्पिलेला असतो. मराठवाड्यातील वाचकाविषयी केलेली विधाने पडताळून पाहावयाची असतील, तर या नोंदवह्या रद्दीत जाण्यापूर्वी विद्यापीठांच्या मराठी विभागांनी त्या जतन केल्या पाहिजेत. ग्रंथालय बंद पडल्याने गावाचा आजचा वाचक निराधार होतो. नोंदवही नष्ट झाल्याने कालचा वाचक होता, हेही सिद्ध करता येत नाही.