होळकरांचा संघ आणि बदलीची माणसं

जबलपूर, जुलै २०२५

जबलपूरला पाऊस लागला की मैदानं रिकामी होतात आणि क्रिकेट चहाच्या टपरीवर येतं. सदर बाजारातल्या एका टपरीवर माझी रविवारची हजेरी ठरलेली. तिथे एक निवृत्त सुभेदार भेटतात. मूळ सातारा जिल्ह्यातले. मुलाला इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत नोकरी लागली म्हणून इथेच स्थायिक झालेले. कट्टर मुंबईवाले. गेल्या रविवारी जरा तापलेलेच होते.

"साहेब, निष्ठा म्हणून काही राहिली नाही बघा. पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे गेला. जयस्वालनं गोव्याला जायचं म्हणून अर्ज केला आणि महिन्याभरात विचार बदलला. आयपीएलचं तर विचारूच नका. पोरगा कोणाचा म्हणायचा?"

मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, आपण दोघं तरी कुठे एका जागी राहिलो?"

ते हसले, पण पटलं नाही. म्हणाले, "आपल्याला हुकूम होता. ते पैशासाठी जातात." त्यांच्यासाठी, आणि या ब्लॉगवर असाच वाद घालणाऱ्या तुम्हा सर्वांसाठी, हा लेख. कारण मी आज ज्या राज्यात पोस्टिंगवर आहे, त्या राज्याच्या क्रिकेटचा पायाच मुळी बाहेरून आणलेल्या माणसांनी घातला आहे.

सुरुवात नागपूरपासून करू. १८९५ साली नागपुरात जन्मलेले कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजे आपले सी. के., १९२३ मध्ये इंदूरला गेले. बोलावणं होतं तुकोजीराव होळकरांचं. नायडूंना होळकरांच्या फौजेत हुद्दा मिळाला आणि पुढे लोक त्यांना कर्नल नायडू म्हणूनच ओळखू लागले. तेव्हा लिलाव नव्हता, करार नव्हता. दरबाराची चाकरी होती. क्रिकेटच्या पैशावर घर चालत नसे, म्हणून संस्थानिक नोकरी देत आणि नोकरी बहुधा फौजेतली असे. इंदूरचेच मुश्ताक अली कॅप्टन मुश्ताक अली झाले ते असेच. १९३६ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ११२ धावा काढून परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय.

ही रीत एकट्या इंदूरची नव्हती. सांगलीचे विजय हजारे आधी देवासच्या विक्रमसिंह महाराजांच्या आश्रयाला गेले. महाराजांनी त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियाचे क्लॅरी ग्रिमेट प्रशिक्षक म्हणून आणले. पुढे हजारे बडोद्याला गेले आणि कायमचे बडोद्याचे झाले. हॉकीतही तेच. याच जबलपुरात जन्मलेले रूपसिंह, मेजर ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेत गेले. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असं हरवलं, त्यात १० गोल एकट्या रूपसिंहांचे होते. ग्वाल्हेरच्या स्टेडियमला कॅप्टन रूपसिंह यांचं नाव आहे. २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिनने एकदिवसीय क्रिकेटमधल्या पुरुषांच्या सामन्यांतलं पहिलं द्विशतक केलं ते याच मैदानावर. आपण सगळ्यांनी तो सामना पाहिला, पण मैदानाच्या नावातला कॅप्टन जबलपूरचा, हे मला इथे बदली होऊन आल्यावर कळलं.

होळकर संघ रणजी करंडकात १९४१-४२ पासून १९५४-५५ पर्यंत, म्हणजे १४ मोसम खेळला. त्यात १० वेळा अंतिम फेरी आणि ४ वेळा विजेतेपद. तेव्हाच्या बलाढ्य मुंबईसमोर ही कामगिरी म्हणजे गंमत नाही. संघ पाहा. नायडू नागपूरचे. हिरालाल गायकवाडही नागपूरचे. चंदू सरवटे इथून जवळच्या सागरचे. पेशाने बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ. याच सरवटेंनी १९४६ मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध शूट बॅनर्जींबरोबर शेवटच्या विकेटसाठी २४९ धावा जोडल्या. दहावा आणि अकरावा, दोघांचीही शतकं.

सैनिकाला आवडेल अशी एक 'खरेदी' तर निव्वळ पोस्टिंगमुळे झाली. महायुद्धात इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन सार्जंट मेजर म्हणून महूच्या छावणीत होता. महू इंदूरच्या अगदी शेजारी. होळकरांनी त्याला संघात घेतलं. मार्च १९४५ मध्ये ब्रेबोर्नवर मुंबईविरुद्ध अंतिम सामना झाला. मुंबईच्या ४६२ आणि ७६४ धावा, त्यात विजय मर्चंट २७८. होळकरच्या ३६० आणि ४९२. मुश्ताक अलींची दोन्ही डावांत शतकं, कॉम्प्टन नाबाद २४९. चार डाव मिळून २०७८ धावा झाल्या आणि होळकर ३७४ धावांनी हरला. मोठा खेळाडू आणला की करंडक आलाच, असं समजणाऱ्यांनी हा धावफलक जपून ठेवावा.

दोन वर्षांनी पुन्हा धडा मिळाला. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याच्या हजारे आणि गुल मोहम्मद यांनी होळकरविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल मोहम्मद ३१९. एक सांगलीचा, एक लाहोरचा, आणि दोघे खेळत होते बडोद्यासाठी. ती भागीदारी २००६ पर्यंत जगात सर्वांत मोठी होती.

आता या सगळ्या बदल्यांत सर्वांत मोलाची कोणती? माझं मत विचाराल तर ना कॉम्प्टन, ना दुसरा कोणी. नायडूच. कारण ते आले आणि राहिले. पन्नाशी ओलांडल्यावरही ते होळकरचे कर्णधार होते. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसून दात तुटले आणि ते बाजूला सारून सी. के. पुन्हा खेळायला उभे राहिले, ही गोष्ट जुने लोक अजून सांगतात. १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं तेही इंदुरातच.

याच्या उलट टोकाला भाऊसाहेब निंबाळकर. कोल्हापूरचा माणूस. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ ला फक्त ९ कमी असताना काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला आणि संघ निघून गेला. एवढं करूनही भाऊसाहेबांना एकही कसोटी मिळाली नाही. बडोदा, महाराष्ट्र, होळकर, राजस्थान, रेल्वे, असे ते संघ बदलत राहिले. त्यांना कोणी निष्ठा शिकवायची? ज्या काळात खेळाडूला पोटासाठी नोकरीचा आधार लागे, त्या काळात नोकरी जिकडे, बॅट तिकडे.

आपल्या सेनादलाचीही गोष्ट वेगळी नाही. पुण्यात जन्मलेले, बडोद्याकडून खेळलेले हेमू अधिकारी सैन्यात अधिकारी झाले आणि सेनादलाच्या संघाचे कर्णधार. १९५६-५७ आणि १९५७-५८ असे लागोपाठ दोन मोसम सेनादल रणजीच्या अंतिम फेरीत पोचलं. दुसऱ्या वर्षी हरवलं कोणी? बडोद्यानेच.

संस्थानं गेली, होळकर संघाचं नाव गेलं. १९५२-५३ चं विजेतेपद होळकर संघाचं शेवटचं ठरलं. एप्रिल १९९९ मध्ये मध्य प्रदेश पुन्हा अंतिम फेरीत पोचला, तेव्हा कर्णधार होते मुंबईहून आलेले चंद्रकांत पंडित. बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर कर्नाटकाने हरवलं. पुढे पंडित प्रशिक्षक म्हणून विदर्भात गेले. मुंबईचा वसीम जाफरही त्या संघात होता. विदर्भाने पहिला रणजी करंडक उचलला तो १ जानेवारी २०१८ ला, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. नागपूरने १९२३ मध्ये इंदूरला नायडू दिले होते. ९५ वर्षांनी नागपूर इंदुरातूनच करंडक घेऊन गेलं.

मग पंडित मध्य प्रदेशाकडे आले. जून २०२२, तेच चिन्नास्वामी, समोर मुंबई. यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार या तिघांची शतकं, आणि मध्य प्रदेश ६ गडी राखून विजेता. जिथे कर्णधार म्हणून हरले, तिथेच प्रशिक्षक म्हणून जिंकले. पंडितांच्या डोळ्यांतलं पाणी आपण टीव्हीवर पाहिलं. ते पैशासाठी गेले होते? पगार घेतला असेलच. आपणही घेतो.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. जन्म पुण्याचा, पण पुण्यात तो जेमतेम आठ महिने राहिला. जबलपूरची शाळा ही त्याची पाचवी. इथे नव्या टीममध्ये नाव घालताना एका मुलाने त्याला विचारलं, "तू कहाँ का है?" घरी येऊन त्याने तोच प्रश्न मला विचारला. एनडीएतून बाहेर पडल्यापासून काळ्या ट्रंकांवर पत्ता बदलत आलेल्या माणसाकडे याचं झटकन उत्तर नसतं. मी त्याला नायडूंची गोष्ट सांगितली. माणूस कुठून आला हे त्याच्या हातात नसतं, पण आला तिथे तो काय शिकवून, काय उभं करून गेला, हे असतं.

या रविवारी सुभेदारसाहेबांनाही हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, "सगळं खरं साहेब. पण २०२२ ला हरली ती मुंबईच ना?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरा चहा मी पाजला.