समर्थांच्या मातोश्री राणूबाई

भगिनींनो, आपल्या जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातील जांब हे गाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. शके १५३०, म्हणजे सन १६०८ च्या रामनवमीस समर्थ रामदासस्वामींचा जन्म येथे झाला. जांबेला जाणारे भाविक समर्थांचे जन्मस्थान पाहतात, रामरायापुढे मस्तक ठेवतात आणि परत येतात. परंतु ज्या माउलीने हे घर सांभाळले, त्या राणूबाईंची आठवण किती जणांना होते? समर्थांवर ग्रंथामागून ग्रंथ झाले. त्यांच्या आईविषयी मात्र चार ओळींपलीकडे सहसा कोणी लिहीत नाही. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत तरी त्यांच्या दीर्घ आयुष्याचा थोडा मागोवा घ्यावा, म्हणून हा लेख.

राणूबाईंचे यजमान सूर्याजीपंत ठोसर हे जांबेचे कुलकर्णी. गावच्या जमिनीचा आणि वसुलाचा हिशेब ठेवण्याचे हे वंशपरंपरेचे वतन. घरी सूर्याची उपासना आणि रामाची भक्ती होती. लग्नानंतर पुष्कळ वर्षे या दांपत्यास मूल नव्हते, आणि सूर्यनारायणाच्या कृपेने दोन पुत्र झाले, असे सांप्रदायिक चरित्रकार सांगतात. सन १६०५ मध्ये थोरले गंगाधर जन्मले व तीन वर्षांनी नारायण. गंगाधर पुढे 'श्रेष्ठ' किंवा रामीरामदास या नावाने ओळखले गेले, आणि नारायण म्हणजेच आपले समर्थ.

हे सुख फार काळ टिकले नाही. सन १६१५ च्या सुमारास सूर्याजीपंत निवर्तले. तेव्हा गंगाधर दहा वर्षांचे व नारायण सात वर्षांचा होता. दोन अजाण मुले, घरचे वतन, देवाची पूजाअर्चा आणि दारी येणारा अतिथी, असा सारा भार एका विधवेच्या शिरावर आला. काळही सुखाचा नव्हता. हा मुलूख निजामशाहीत होता आणि मोगलांशी तिचे युद्ध चालू होते. सन १६१६ च्या फेब्रुवारीत रोषणगाव येथे मलिक अंबरचा मोगलांनी पराभव केला. हे रोषणगाव आज आपल्याच जिल्ह्यात आहे. फौजा ज्या वाटेने जात, त्या वाटेवरच्या गावांतील उभी पिके आणि कणगीतले धान्य त्यांच्या पायी जाई. अशा दिवसांत राणूबाईंनी मुले वाढवली, त्यांच्या मुंजी-शिक्षणाची काळजी वाहिली.

नारायण लहानपणी फार खोडकर, झाडावर चढणारा, पाण्यात डुंबणारा होता असे बखरी सांगतात. एके दिवशी तो दिसेना म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत तो विचारात बुडून बसलेला आढळला. साऱ्या जगाची काळजी वाहतो आहे, असे उत्तर त्याने आईला दिले. ही कथा आपण कौतुकाने सांगतो. पण त्या क्षणी आईच्या मनात काय आले असेल, याचा विचार आपण करीत नाही. पोर संसारात रमणार नाही, हे तिने तेव्हाच ओळखले असावे. कोणतीही आई करील तेच तिने केले. मुलाचे लग्न लवकर करावयाचे ठरविले.

नारायण लग्नाला तयार नव्हता. तेव्हा राणूबाईंनी त्याच्याकडून वचन घेतले की, अंतरपाट धरीपर्यंत तू नाही म्हणणार नाहीस. अंतरपाट धरला म्हणजे लग्न लागलेच, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मुलाने वचन अक्षरशः पाळले! अंतरपाट धरेपर्यंत तो उभा राहिला आणि भटजींच्या मुखातून 'सावधान' हा शब्द निघताच मांडवातून पळाला. ही गोष्ट सन १६२० ची. नारायण तेव्हा बारा वर्षांचा होता. नियोजित वधू राणूबाईंच्या माहेरच्या नात्यातील होती, असेही सांगतात. तसे असेल तर त्या दिवशी मुलगा गेला, आणि माहेरापुढे मान खाली घालण्याची वेळही आली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे विधवा आईला मंगलकार्यात पुढे उभे राहता येत नसे. तेव्हा हा सारा गलका त्यांच्या कानी पडला, तो बहुधा आतल्या घरातच.

यापुढे चरित्रकारांची लेखणी नारायणाबरोबर नाशिकला जाते. टाकळी येथील बारा वर्षांचे तप आणि त्यानंतर बारा वर्षांची भारतयात्रा यांचे वर्णन विस्ताराने येते. जांबेच्या घरात त्या चोवीस वर्षांत काय घडले, याकडे कोणी वळत नाही. आपण मात्र क्षणभर तेथेच थांबू या.

त्या काळात सन १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ पडला. पावसाने दगा दिला, त्यात लढाया चालूच. दख्खनेत माणसे अन्नावाचून मेली, गावेच्या गावे उठून गेली. सन १६३६ मध्ये निजामशाही बुडाली आणि मुलखाचा धनी बदलला. या सर्वांतून जांबेचे हे घर टिकून राहिले. गंगाधरपंत वतन आणि उपासना दोन्ही सांभाळीत होते. त्यांचे लग्न झाले, पार्वतीबाई सून म्हणून घरात आल्या, नातवंडे झाली. गंगाधरपंतांनी 'सुगमोपाय' व 'भक्तिरहस्य' हे ग्रंथही लिहिले. गृहस्थाश्रमात राहून परमार्थ साधणाऱ्या या थोरल्या मुलाकडे पाहिले म्हणजे आईच्या संस्कारांची खरी ओळख पटते.

राणूबाई मात्र धाकट्याची वाट पाहत राहिल्या. रडून रडून त्यांची दृष्टी गेली, असे बखर म्हणते.

सन १६४४ मध्ये समर्थ जांबेस आले. दारात उभे राहून त्यांनी रघुवीराचा जयजयकार केला. आतून राणूबाईंनी सुनेला बैराग्याला भिक्षा घालावयास सांगितले. त्यावर हा बैरागी भिक्षा घेऊन जाणारा नव्हे, अशा अर्थाचे उत्तर आले, आणि आवाजावरून आईने मुलाला ओळखले. समर्थांनी डोळ्यांवरून हात फिरवताच त्यांना दिसू लागले, अशी सांप्रदायिकांची श्रद्धा आहे. ही कोणती भूतविद्या शिकलास, असे आईने विचारले, तेव्हा समर्थांनी रामरायालाच 'भूत' कल्पून पद म्हटले. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिलमुनी आपली माता देवहूती हिला ज्ञान सांगतात. ती कपिलगीता समर्थांनी आईला ऐकवली आणि तिची अनुज्ञा घेऊन ते पुन्हा निघाले. पहिल्यांदा मुलगा न सांगता गेला होता. या वेळी आईने स्वतः निरोप दिला. वृद्ध मातेला हे सोपे गेले नसेल.

सन १६५५ मध्ये राणूबाईंनी देह ठेवला. अंतकाळी दोन्ही पुत्र जवळ होते, असे परंपरा सांगते. त्यांचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे असले पाहिजे. त्यांतली चाळीस वर्षे वैधव्यात, आणि चोवीस वर्षे मुलाच्या वाटेकडे डोळे लावून गेली.

एका गोष्टीचा मला नेहमी विचार पडतो. लग्नमंडपातून पळालेल्या समर्थांनी दासबोधात संसाराचे इतके बारीक वर्णन कसे केले? तिसऱ्या दशकातील 'स्वगुणपरीक्षा' वाचा. कर्ज, दुष्काळ, मुलांची आजारपणे, पोटासाठी परदेशी जाणे, सारे तेथे आले आहे. बाराव्या दशकाच्या आरंभी तर ते बजावतात की, संसार नीट केल्यावाचून परमार्थाच्या मागे लागू नये. महाराष्ट्रभर फिरताना त्यांनी लोकस्थिती पाहिली, हे खरेच. पण विस्कटलेला संसार नेटका कसा करावा, याचा पहिला धडा सात वर्षांच्या नारायणाने जांबेच्या घरात आईकडे पाहूनच घेतला असणार, असे मला वाटते. पुढे समर्थांनी वेणाबाईंना कीर्तनाचा अधिकार दिला, मिरजेच्या मठाचा कारभार सोपविला. अक्कास्वामींवर चाफळ-सज्जनगडची जबाबदारी टाकली. स्त्री मोठा भार समर्थपणे वाहू शकते, हे त्यांना कोणी वेगळे सांगावे लागले नसेल.

या घरातील देवांचा मान आजही जांबेला आहे. सन २०२२ च्या ऑगस्टमध्ये तेथील पंचधातूच्या प्राचीन मूर्ती चोरीस गेल्या, तेव्हा सारा जिल्हा हळहळला. त्याच वर्षी पोलिसांनी मूर्तींचा छडा लावला, तेव्हा कोठे लोकांचा जीव भांड्यात पडला. देव गेले तर आपल्याला कळते. पण देवापुढे रोज दिवा लावणारी गेली, की दोन पिढ्यांत तिचे नावही विसरले जाते.

धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी सन १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली आणि गावोगावच्या मठांतून रामदासी कागद जमविले. म्हणून आज आपल्याला एवढे तरी वाचावयास मिळते. तसे थोडेसे काम आपणही करू शकतो. आपली आजी, पणजी, सासूची सासू यांचे माहेर कोणते, कोणत्या दुष्काळात त्यांनी काय खाऊन मुले जगविली, कोणते व्रत अखेरपर्यंत पाळले, हे घरातल्या वडील बायकांना विचारून वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने अशी दोन पाने आणावीत, एवढीच विनंती.