बेचाळीस मुक्काम

मिसरच्या गुलामीतून सुटलेल्या इस्राएलांची रानातली वाटचाल ही माणसाच्या अंतःकरणाचीही वाटचाल आहे, असे मानून बायबल वाचण्याची परंपरा. तिचा मुख्य आधार ‘गणना’ या ग्रंथाचा 33 वा अध्याय. वरवर पाहता ती नुसती ठिकाणांची यादी : रामसेसहून निघाले, सुक्कोथला उतरले, मग एथाम. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती भाष्यकार ओरिगेनने या रुक्ष यादीवर प्रवचन केले आणि बेचाळीस मुक्कामांत आत्म्याच्या वाढीच्या पायऱ्या दाखवल्या. चौथ्या शतकात नीसाच्या ग्रेगरीने, इस्राएलांना मिसरमधून बाहेर नेणाऱ्या मोशेच्या चरित्रावरून मांडले, की ही वाढ कधी पुरी होतच नाही.

या वाचनाचा कस लागतो तो मारा येथे. तांबडा समुद्र ओलांडून तीन दिवस झाले तरी पाणी नाही. मिळाले तेही कडू. मोशेने त्यात झाड टाकले तेव्हा ते गोड झाले. पुढचा मुक्काम एलीम : बारा झरे, सत्तर खजुरी. ओरिगेन म्हणतो, मारा गाळून एलीम गाठता येत नाही. पंढरीची वाट पायी चाललेल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मराठीत मोशेची कथा ओवीबद्ध झाली ती फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त (1616, रायतूर). विदर्भात बायबलच्या अभ्यासाचे मोठे केंद्र यवतमाळ शहरात होते : 1953 साली तेथे युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली, 1983 साली ती पुण्याला गेली.

रानातली वाट अंतःकरणाची मानण्याच्या या वाचनात एक धोका आहे. सारे काही मनातच घडते असे मानले, की विटा पाडणारे खरे गुलाम नजरेआड होतात. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या पेसह या मिसरमधून सुटकेच्या सणात मात्र दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. सणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ सांगते, की प्रत्येक पिढीतल्या प्रत्येकाने आपण स्वतःच मिसरमधून बाहेर पडलो असे समजावे. त्याच रात्री गुलामीची आठवण म्हणून कडू पाला खायचा असतो. मराठी भाषांतरासह हग्गादा 1846 साली मुंबईत शिळाछापावर निघाली. 1874 च्या पुण्याच्या आवृत्तीत तर बेखमीर भाकरीसाठी कणीक मळणाऱ्या, लाटणाऱ्या बायकांची चित्रे आहेत, आणि त्या लुगडी नेसलेल्या आहेत.