दिवाणखान्यातील संगणक आणि गिऱ्हाइकाचा संकोच

१९९३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील ॲपल कंपनीने काळ्या कुळकुळीत रंगाचा एक संगणक विक्रीस आणला. कचेरीतील संगणक त्या काळी फिकट, करड्या वर्णाचे असत. हा काळा होता, कारण तो कचेरीत बसण्यासाठी घडविलेलाच नव्हता. ‘मॅकिंटॉश टीव्ही’ असे त्याचे नाव. चौदा इंची चित्रनळी, सोबत एक छोटा रिमोट आणि किंमत दोन हजार डॉलरांहून थोडी अधिक. एका अवस्थेत तो संगणक होई, दुसऱ्या अवस्थेत दूरचित्रवाणी संच. परंतु दोन्ही एकाच वेळी होणे त्याला जमत नसे. पत्र लिहिता लिहिता पडद्याच्या एका कोपऱ्यात बातम्या पाहाव्या म्हटले, तर ती सोय त्यात नव्हती. १९९४ च्या फेब्रुवारीत त्याचे उत्पादन थांबले. तोवर अवघे दहा हजारांच्या आसपास नग तयार झाले होते.

या फसलेल्या प्रयोगापासून पुढची सुमारे वीस वर्षे संगणकाच्या धंद्यातील मोठमोठ्या कंपन्यांनी अमेरिकेतील कुटुंबाच्या बैठकीच्या खोलीत संगणक नेऊन बसविण्याची खटपट केली. पैसा ओतला, जाहिराती केल्या, नवनवी नावे शोधली. गिऱ्हाईक दुकानात येई, यंत्राभोवती फिरे, किंमत विचारी, आणि बहुधा साधा दूरचित्रवाणी संच घेऊन घरी परते. धंदेवाल्यांनी या संकोचाचे खापर गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर फोडले. इतिहास मात्र गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलतो, असे कागदपत्रे चाळल्यावर वाटू लागते.

पहिल्या फळीच्या अडचणी अगदी संसारी होत्या. १९९६ साली गेटवे नावाच्या कंपनीने ‘डेस्टिनेशन’ हे यंत्र काढले. ही कंपनी १९८५ साली आयोवा प्रांतातील एका गोठ्याच्या शेतावर जन्मली, आणि त्या आठवणीखातर तिच्या खोक्यांवर गाईच्या अंगावरील काळे-पांढरे ठिपके छापलेले असत. अशा खेडवळ घरच्या कंपनीला तरी कुटुंबाची बैठक कळली असेल, अशी अपेक्षा करावयास हरकत नव्हती. ‘डेस्टिनेशन’चा पडदा एकतीस इंची होता आणि कळफलकाला तार नव्हती. मांडीवर कळफलक घेऊन कोचावर बसावे, असा बेत. किंमत साडेतीन हजार डॉलरांच्या घरात जाई. एवढ्या पैशात चांगला मोठा टीव्ही आणि चांगला संगणक, असे दोन्ही घेऊन काही रक्कम शिल्लक राहिली असती. शिवाय दोन यंत्रे असली म्हणजे मुलगा अभ्यास करीत असताना आईला आपला कार्यक्रम पाहता येतो, हा हिशेब कोणाही गृहिणीला दुकानातच सुचत असे.

स्वतंत्र मोठा पडदा देण्याचे कारण निराळे होते. त्या काळच्या अमेरिकन टीव्हीवर चित्र ५२५ आडव्या रेषांचे असे. त्यांपैकी प्रत्यक्ष दिसत सुमारे ४८० आणि त्याही एकाआड एक, दोन हप्त्यांत रंगविल्या जात. चालता-बोलता माणूस अशा पडद्यावर उत्तम दिसतो. परंतु संगणकातील बारीक अक्षर, सारणीची पातळ आडवी रेघ त्यावर आली की ती थरथरू लागते. क्षणभर पाहिल्यावर डोळे दुखतात. म्हणजे घरी असलेल्या टीव्हीला संगणक जोडावा, तर वाचता येत नाही. आणि वाचता येईल असा पडदा घ्यावा, तर परवडत नाही. धंद्यातील लोक ‘दोन फुटांचा पडदा’ आणि ‘दहा फुटांचा पडदा’ अशी भाषा करीत. दोन फुटांवर बसणारा माणूस एकटा असतो आणि काही काम करीत असतो. दहा फुटांवर कुटुंब बसते, पाय पसरून, आणि त्या वेळी कोणालाच काम करावयाचे नसते. हा फरक केवळ अंतराचा नाही, हे उमगावयास कंपन्यांना बराच काळ लागला.

१९९९ साली ‘टिवो’ हे यंत्र निघाले, आणि चित्र पालटले. फितीऐवजी संगणकातील चकतीवर कार्यक्रम टिपून ठेवणारी ही पेटी आतून संगणकच होती. पण तिने तसे कोणाला सांगितले नाही. तिला कळफलक नव्हता. मायक्रोसॉफ्टने २००२ च्या ऑक्टोबरात ‘विंडोज एक्सपी मीडिया सेंटर’ आवृत्ती आणली, ती याच वाटेने. हिरवी कळ असलेला रिमोट, लांबून वाचता येतील अशी ठळक अक्षरे, कार्यक्रमांचे वेळापत्रक, छायाचित्रे, संगीत, सारे एके ठिकाणी. ही प्रणाली सुटी विकत मिळत नसे. ती घेण्यासाठी नवा संगणकच घ्यावा लागे. तरीही न्यायाने सांगितले पाहिजे की, काम ती चांगले करी, आणि ज्यांनी ती वापरली त्यांतील कित्येकांना तिच्या तोडीचे पुढे काही मिळाले नाही.

मग अडचण कोठे होती? एक तर आवाजाची. चित्रपटात नायिका हळू आवाजात काही सांगू लागली की खालच्या फळीवरील पेटीचा पंखा घुरघुरू लागे. २००४ साली निघालेल्या इंटेलच्या काही पेंटियम ४ चिपांना शंभर वॅटहून अधिक उष्णता बाहेर टाकावी लागे. ती टाकणारा पंखा गप्प कसा राहील? दुसरी अडचण विजेची. रात्री-अपरात्रीचा कार्यक्रम टिपावयाचा तर यंत्र जागे हवे. समजा, ते ८० वॅट खाते. तर वर्षभर अखंड चालल्यास सुमारे ७०० युनिटे होतात. तिसरी अडचण वेळेची. टीव्हीची कळ दाबली की चित्र येते. संगणक मात्र उठून तोंड धुऊन येईपर्यंत बातम्यांचे ठळक मथळे संपलेले असत. इंटेलने २००६ च्या जानेवारीत ‘विव’ या नावाने जी योजना मांडली, तिच्यात यावर एक गमतीचा उपाय होता. कळ दाबताच यंत्र तत्काळ ‘बंद’ होई आणि तत्काळ ‘चालू’ होई. प्रत्यक्षात फक्त पडदा आणि आवाज बंद होत, आत यंत्र चालूच राही. झोपेचे सोंग घेतलेल्या माणसाला जागे करणे तसे सोपेच म्हणावयाचे! दोन-तीन वर्षांत ते नावही मागे पडले.

या साऱ्या अडचणी कालांतराने सुटण्याजोग्या होत्या, आणि सुटल्याही. चिपा थंड झाल्या, टीव्हीचे पडदे सपाट व स्पष्ट झाले, किमती उतरल्या. तरी गिऱ्हाईक आले नाही. कारण खरा प्रश्न यंत्राच्या आत नव्हता. भिंतीतून येणाऱ्या तारेत होता.

अमेरिकेतील बहुसंख्य घरांत कार्यक्रम येत ते केबलने, आणि केबल कंपनी भाड्याने देई त्या पेटीतून. ही मक्तेदारी मोडावी म्हणून १९९६ च्या दूरसंचार कायद्यात तरतूद केली गेली की, अशा पेट्या ग्राहकाला कोणाही विक्रेत्याकडून घेता आल्या पाहिजेत. कायदा झाला, त्याप्रमाणे ‘केबलकार्ड’ नावाची किल्लीवजा पट्टी प्रचारात यावयास २००४ साल उजाडले. संगणकाला ती मिळावयास २००७ उजाडले, आणि तीही कशी? कारखान्यात जुळवलेला व तपासून शिक्का मारलेला अख्खा संगणक घेतला तरच. घरी असलेल्या संगणकात ती बसविण्याची मुभा २००९ साली मिळाली. दरम्यानच्या काळात लोकांनी काढलेली तोड मोठी करुण होती. संगणकातून एक बारीक तार काढून तिचा दिवा केबलच्या पेटीच्या तोंडाशी चिकटवावयाचा. वाहिनी बदलावयाची झाली की संगणक त्या दिव्यातून रिमोट असल्याची बतावणी करी. कधी पेटीला आकडा ऐकू येई, कधी अर्धाच येई, आणि रात्री कुटुंब मालिकेऐवजी भलत्याच वाहिनीवरील स्वयंपाकाचे धडे पाही.

विकत घेतलेल्या यंत्रावर हुकमत कोणाची, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सोनीच्या बीटामॅक्स यंत्रासंबंधीच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला होता की, घरी बसून कार्यक्रम टिपून तो पुढे सवडीने पाहणे हा गुन्हा नव्हे. फितीच्या यंत्राला कोणी दुरून हुकूम करू शकत नव्हते. संगणकाला करता येतो. २००३ साली तेथील दूरसंचार आयोगाने प्रक्षेपणासोबत एक अदृश्य खूण पाठविण्याचा आणि सर्व यंत्रांनी ती पाळण्याचा नियम केला. तो आयोगाच्या अधिकाराबाहेरचा म्हणून २००५ च्या मे महिन्यात न्यायालयाने रद्द ठरविला. प्रकरण मिटले असे वाटले. परंतु २००८ च्या मे महिन्यात एनबीसी वाहिनीवरील ‘अमेरिकन ग्लॅडिएटर्स’ हा कार्यक्रम टिपावयास गेलेल्या कित्येक मीडिया सेंटरधारकांच्या पडद्यावर नकार उमटला. खूण चुकून पाठविली गेली, असा वाहिनीचा खुलासा आला. खूण चुकीची असेल. ती पाळण्याची शिकवण मात्र यंत्राला आधीच देऊन ठेवलेली होती, आणि ती पाळण्यास कायद्याने कोणी भाग पाडलेले नव्हते. घरात आणलेले यंत्र घरधन्याचे ऐकते की आणखी कोणाचे, हे त्या रात्री लोकांना दिसले.

पुढच्या वर्षी याहून स्पष्ट उदाहरण घडले. ‘हुलू’ या इंटरनेटवरील सेवेवर मालिका फुकट पाहता येत. ‘बॉक्सी’ नावाच्या प्रणालीने त्याच मालिका टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर सहज पाहण्याची सोय केली. २००९ च्या फेब्रुवारीत मालिकांच्या मालकांच्या सांगण्यावरून ती सोय हुलूने बंद करविली. तोच कार्यक्रम, त्याच जाहिराती, तोच प्रेक्षक. टेबलावरच्या पडद्यावर चालेल, कोचासमोरच्या पडद्यावर चालणार नाही! २०१० साली गूगलने टीव्हीसाठी प्रणाली काढली, तेव्हाही मोठ्या अमेरिकन वाहिन्यांनी आपली दारे तिला लावून घेतली. दिवाणखान्यातून येणारा पैसा मोठा होता, आणि तो संगणकाच्या उघड्या दारातून वाहून जाईल ही भीती त्याहून मोठी.

या सगळ्यात एक छोटा संप्रदाय आनंदाने नांदत होता. आयझॅक रिचर्ड्स यांनी २००२ साली सुरू केलेली ‘मिथटीव्ही’ ही मुक्त प्रणाली, किंवा ‘एक्सबीएमसी’ म्हणजे २०१४ पासूनची ‘कोडी’, ही हौशी मंडळींची दैवते. रविवारच्या रविवार ते पेटी उघडीत, पंखे बदलीत, वेळापत्रक लावीत. परंतु मिथटीव्हीच्या अमेरिकन भक्तांनाही २००७ च्या सप्टेंबरात हिसका बसला. कार्यक्रमांचे वेळापत्रक फुकट पुरविणारी सेवा बंद पडली, आणि वर्गणी काढून स्वतःची संस्था उभारावी लागली. अशा घरात जाणता एकच असे. तो परगावी गेला आणि पडद्यावर काही चूक उमटली, तर बाकीचे कुटुंब चार दिवस टीव्हीवाचून राही. दुकानात शेजारी उभ्या असलेल्या पत्नीने मान हलवून नकार दिला, तर तिच्या मनात हाच प्रसंग असावा.

आपल्याकडे ही कथा थोड्या वेगळ्या वळणाने घडली. मुंबईचे दूरदर्शन केंद्र १९७२ च्या ऑक्टोबरात सुरू झाले आणि १९९० नंतर गल्लोगल्ली केबलवाला आला. त्याची तार उघडी असे, म्हणजे तिच्यातील बहुतेक वाहिन्यांना कुलूप नसे. ती तार थेट संगणकातील ट्यूनर कार्डाला जोडली की चित्र येई. वसतिगृहातील मुलांनी या सोयीचा भरपूर लाभ घेतला. अमेरिकेतील माणूस ज्या किल्लीसाठी झगडत होता, ती येथे लागतच नव्हती. मग केबलचे सक्तीचे अंकीकरण आले. २०१२ साली मुंबई, आणि पुढच्या टप्प्याच्या यादीत इंदूर, वडोदरा, हैदराबाद ही नगरे. तारेवर कुलूप बसले, घरोघरी ठरावीक पेटी आली, आणि ती कार्डे रद्दीत गेली.

अमेरिकेतील शेवट फारसा गाजला नाही. २००८ च्या मे महिन्यात रोकूची शंभर डॉलरांची चिमुकली पेटी आली, २०१३ साली गूगलची पस्तीस डॉलरांची कांडी. पंखा नाही, कळफलक नाही, टिपणे नाही, आणि मालकाला तिच्यात काही बदलावयाची मुभाही नाही. वाहिन्यांना ती चालली, कुटुंबालाही चालली. २०१५ च्या विंडोज १० मधून मीडिया सेंटर वगळले गेले. २०२० साली आयोगाने केबलकार्डाची सक्तीही उठविली.

तरीही काहींनी संगणक सोडला नाही. त्यांच्यासाठी अतिस्पष्ट ब्लू-रे चकत्या होत्या. पण त्या अधिकृतपणे चालविण्यासाठी इंटेलच्या चिपेतील एक विशिष्ट सुरक्षा-कप्पा आवश्यक होता, आणि २०२१ पासूनच्या नव्या घरगुती चिपांतून इंटेलने तो काढून टाकला. अशा चकत्या चालविणारी प्रणाली विकणाऱ्या कंपनीने मग आपल्या गिऱ्हाइकांना कळविले की, जुनी चिप आहे तशीच ठेवावी आणि विंडोज ११ घेऊ नये.