खोलीची खोली

परवा माळा आवरायला काढला. दर दिवाळीच्या आधी काढतो आणि दर दिवाळीला अर्धवट सोडतो. तर वायरींच्या गुंत्यातून एक काळी, चकचकीत, लांबट वस्तू निघाली. छोट्या बैठकीवर आडवी ठेवलेली पट्टी आणि तिला तीन डोळे. "बाबा, हा काय एवढा मोठा वेबकॅम?" कन्येने विचारलं. ही वस्तू घरात आली तेव्हा ती पहिलीत होती आणि हिच्यासमोर तासन्‌तास उड्या मारायची. आता इंजिनियरिंगला आहे, त्यामुळे काहीच आठवत नाही!

ते किनेक्ट होतं. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी नोव्हेंबर २०१० मध्ये बाजारात आणलेलं. हातात काहीही न धरता नुसतं अंग हलवून खेळायचं. पहिल्या साठ दिवसांत ऐंशी लाख विकली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. सात वर्षांनी, २०१७ मध्ये, उत्पादन बंद. वेबकॅम म्हणून त्याला हिणवणं मात्र मला सहन होईना, म्हणून माळा तसाच टाकून मी तिला समोर बसवलं. (माळा अर्धवट का राहतो हे आता कळलं असेल.)

गंमत अशी की वेबकॅम म्हणावा असा प्रकार त्याच्या आधी येऊन गेला होता. रिचर्ड मार्क्स नावाचे संशोधक १९९९ मध्ये सोनीत आले. प्लेस्टेशन २ ला एक साधा, स्वस्त कॅमेरा जोडून काय करता येईल, हा त्यांचा ध्यास. त्यातून २००३ मध्ये आयटॉय आला. त्याचं चित्र जेमतेम ३२० बाय २४० ठिपक्यांचं, आणि युक्ती अगदी सरळ. आत्ताचं चित्र मघाच्या चित्राशी ताडून बघायचं. जिथे ठिपके बदलले तिथे काहीतरी हललं. पडद्यावर तुम्हीच दिसता, आरशात दिसावं तसे, आणि हाताने खिडक्या पुसता. हे एक कोटीच्या वर विकलं गेलं. पण त्या बिचाऱ्याला हात आणि पडदा यांतला फरक कळायचा नाही. पंख्याने पडदा हलला तरी त्याच्या लेखी कुणीतरी खेळतंयच. खोलीत उजेड कमी असला की तर आनंदच.

निन्टेन्डोने २००६ मध्ये वी काढताना उलटाच विचार केला. कॅमेरा हातातल्या रिमोटच्या टोकाला. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला 'सेन्सर बार' म्हणत, पण ती काहीच 'सेन्स' करत नसे. तिच्यात फक्त अवरक्त दिवे होते, रिमोटने बघून दिशा ठरवायला. पट्टीच्या जागी दोन मेणबत्त्या लावून लोक खेळत, आणि ते चालायचंसुद्धा. आपल्याकडे दोन निरांजनं चालली असती.

किनेक्टचा प्रश्न या दोघांपेक्षा वेगळा होता. साध्या कॅमेऱ्याला रंग कळतो, उजेड कळतो, पण समोरचं किती लांब आहे हे कळत नाही. मराठीत किती सोय आहे पहा, 'खोली' हा एकच शब्द दोन्हीला चालतो. किनेक्टला खोलीची खोली मोजायची होती.

हे काम केलं प्राइमसेन्स या तेल अवीवच्या कंपनीने. ती २००५ मध्ये स्थापन झाली होती. त्या तीन डोळ्यांपैकी एक डोळा मुळात बघतच नाही, तो फेकतो. आतला अवरक्त लेसर एका बारीक नक्षीच्या काचेतून जातो आणि समोरच्या सगळ्यावर हजारो ठिपके सांडतो. भिंतीवर, सोफ्यावर, तुमच्या बनियनवर. आपल्याला ते दिसत नाहीत. ठिपके विस्कळीत वाटतात, पण त्यांची मांडणी ठरलेली असते आणि यंत्राला ती पाठ असते. दुसरा डोळा, म्हणजे अवरक्त कॅमेरा, काही सेंटिमीटर बाजूला बसून हे ठिपके बघतो.

आता एक करून बघा. अंगठा नाकासमोर धरा, एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा मागच्या भिंतीवरून सरकल्यासारखा दिसतो. जवळ धरला तर जास्त सरकतो, लांब धरला तर कमी. किनेक्टचं सगळं गणित इतकंच. पाठ केलेल्या जागेपासून ठिपक्यांची नक्षी किती सरकली, त्यावरून अंतर. शाळेत त्रिकोणमिती शिकताना ज्यांनी "हे पुढे कुठे उपयोगी पडणार?" असं विचारलं होतं (मी पहिल्या बाकावरून विचारलं होतं), त्यांना हे उत्तर. ही आकडेमोड पेटीतलीच एक चिप सेकंदाला तीस वेळा करायची. तिसरा डोळा साधा रंगीत कॅमेरा, आणि खाली चार मायक्रोफोन.

त्या अंतराच्या चित्रात माणसाच्या एका कडेला नेहमी काळी पट्टी दिसे. ठिपके फेकणाऱ्या डोळ्याच्या वाटेत तुम्ही उभे, म्हणून मागच्या भिंतीचा तेवढा भाग ठिपक्यांविना. कॅमेऱ्याला ती जागा दिसते, पण तिथे वाचायला काही नाही. मला ती सावली फार आवडायची. खिडकीतून ऊन आलं की मात्र सगळा कारभार आटोपला, कारण सूर्य या लेसरपेक्षा कितीतरी मोठा अवरक्त दिवा आहे.

अंतर कळलं तरी गुडघा कुठला आणि कोपर कुठलं हे कसं कळणार? ते काम केंब्रिजमधल्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये जेमी शॉटन आणि सहकाऱ्यांनी केलं. त्यांनी शरीराचे एकतीस भाग पाडले आणि संगणकानेच बनवलेल्या वेगवेगळ्या देहांची, वेगवेगळ्या पवित्र्यांतली दहा लाख चित्रं यंत्राला दाखवली. त्यांच्या २०११ च्या निबंधात म्हटलंय की या शिकवणीला हजार प्रोसेसरचा ताफा सुमारे एक दिवस राबला. आज यंत्रं अशीच शिकतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा मात्र ही शिकवणी थेट लोकांच्या दिवाणखान्यात येऊन बसली होती.

आणि दिवाणखान्याचीच तर अडचण! टीव्हीपासून दीड-दोन मीटर तरी मागे उभं राहायला हवं. दोघे खेळणार असतील तर आणखी मागे. आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये टीपॉय स्वयंपाकघरात, सोफा भिंतीला आणि मी जवळजवळ बाल्कनीत, अशी मांडणी करून खेळ चालायचा.

याला एकाच माणसाचा विरोध होता, तो म्हणजे अण्णांचा. "घरात कॅमेरा कशाला? आपण काय बँक आहोत?" खेळ संपला की ते त्यावर आपला पंचा टाकायचे. मी समजवायचो, अहो, तो तुमचा चेहरा बघतच नाही, त्याला तुम्ही म्हणजे नुसते अंतराचे आकडे आहात. ते म्हणायचे, "मग मधला डोळा कशाला दिलाय?" यावर माझ्याकडे उत्तर नसायचं. मधला तो रंगीत कॅमेराच होता.

मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नवं एक्सबॉक्स वन जाहीर केलं तेव्हा सारं जग अण्णा झालं. आता किनेक्ट सक्तीचं, आणि ते जोडल्याशिवाय यंत्र चालणारच नाही. पुढच्याच महिन्यात स्नोडेन यांनी अमेरिकेच्या हेरगिरीची कागदपत्रं उघड केली. ऑगस्टमध्ये कंपनीने सांगितलं की किनेक्ट न जोडताही चालेल. २०१४ च्या जूनपासून ते वगळून, शंभर डॉलर स्वस्त असा संचही मिळू लागला. लोकांनी तोच घेतला.

वाईट याचं वाटतं की ते दुसरं किनेक्ट यंत्र म्हणून पहिल्याहून सरस होतं. त्यात ठिपक्यांची नक्षी नव्हतीच. ते प्रकाश लहरींसारखा कमी-जास्त करत फेकायचं आणि परत आलेली लहर किती मागे पडली ते मोजायचं. प्रकाश एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जातो, म्हणजे इथे केवढी बारीक मोजणी आहे बघा. पण चांगलं यंत्र सक्तीने दिलं की ते नकोसं होतं, हे गृहिणींना कोणत्याही इंजिनियरपेक्षा जास्त कळतं.

खेळ म्हणून संपलं, तरी आतली विद्या संपली नाही. पहिलं किनेक्ट बाजारात आलं त्याच दिवशी अमेरिकेतल्या अ‍ॅडाफ्रूट या कंपनीने ते संगणकावर चालवून दाखवणाऱ्याला बक्षीस लावलं. हेक्टर मार्टिन या स्पॅनिश तरुणाने आठवड्याभरात ते जिंकलं. मग विद्यापीठांतल्या यंत्रमानवांना डोळे म्हणून किनेक्ट बसवली गेली. तशी खोली मोजणारी यंत्रं पूर्वी फार महाग असायची, ही दीडशे डॉलरला मिळत होती. भुतं शोधणारी मंडळीही ते घेऊन पडक्या घरांत फिरू लागली, कारण यंत्र शिकलेलं असतं माणूस शोधायला, आणि मग ते खुर्चीवरच्या कपड्यांतही माणूस शोधतं. (ओळखीची काही माणसं आठवली.)

आणि प्राइमसेन्स? ती नोव्हेंबर २०१३ मध्ये अ‍ॅपलने विकत घेतली. २०१७ चा आयफोन टेन आला तो चेहऱ्यावर तीस हजारांहून जास्त अवरक्त ठिपके फेकत. तोच फेकणारा डोळा, तोच बघणारा डोळा, फक्त नखाएवढे. आणि आता त्यांना नेमका चेहराच हवा होता.

"म्हणजे हे माझ्या फोनमध्ये आहे?" कन्येने विचारलं. तिच्या फोनमध्ये नाही, तो साधा कॅमेऱ्यावर भागवतो. आमच्या घरात ते एकाच फोनमध्ये आहे. अण्णांचा हात आता थरथरतो, आकडे दाबताना चुकतात, म्हणून पुतण्याने अमेरिकेहून येताना त्यांना आयफोन आणला. ते तो चेहऱ्यासमोर धरतात, चष्म्यासकट, आणि तो उघडतो.

मी पेटी घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ओळखली. "अजून टाकली नाहीस ही?" म्हणाले, आणि खांद्यावरचा पंचा चाचपू लागले.